मुख्य आणि प्रतिनिधी

सोमवल्ली दुर्मिळ झाली म्हणून याज्ञिकांनी सोमयाग सोडला नाही. तिच्या जागी पूतिका नावाची वेल कुटून तिचा रस गाळला. आणि व्रीहींचा साठा अपुरा पडला तेव्हा नीवार, म्हणजे पेरल्यावाचून उगवणारे रानभात, दळून त्याचा पुरोडाश, म्हणजे आहुतीचा रोट, भाजला. वेदाने नाव घेऊन सांगितलेले द्रव्य बाजूला ठेवून दुसरेच द्रव्य अग्नीत टाकले असता जे घडले ते वेदविहित कर्म म्हणावे, की कर्माची नुसती नक्कल म्हणावी, असा प्रश्न ज्याच्या मनात उठत नाही त्याला धर्मविचाराचे अंगच नाही असे म्हटले पाहिजे. जैमिनीने पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात हा प्रश्न घेतला आणि शबरस्वामींनी त्यावर भाष्य केले. पुढे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील परशुरामलगतच्या पेढे गावी १८८० साली जन्मलेल्या महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केलेल्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात, मीमांसेचे असले न्याय पुढील धर्मशास्त्रकारांच्या हाडीमासी कसे खिळले होते, ते साधार दाखवून दिले.

व्यवहारात मात्र हा प्रश्न कोकणातल्या घरोघरी कधीच सुटलेला आहे. सत्यनारायणाच्या पूजेत विड्याच्या पानावर सुपारी मांडली की ती गणपती होते. वस्त्राच्या जागी कापसाचे वस्त्र येते, आणि तेही हाताशी नसले तर गुरुजी ‘वस्त्रार्थे अक्षता’ म्हणतात व यजमान चिमूटभर अक्षता वाहून मोकळा होतो. अलंकारांसाठी अक्षता, छत्रचामरांसाठीही अक्षता. यात कोणी कोणाला फसवीत नाही, कारण कोणत्या वस्तूच्या जागी कोणती वस्तू आली ते सर्वांसमक्ष मोठ्याने उच्चारलेले असते. (देवाला याचा राग येईल काय, ही शंका मीमांसकाला सतावीत नाही; त्याच्या मते देवतेला ना शरीर, ना भूक, ना रागलोभ, आणि यागापुरते पाहायचे तर विधीत तिचा जो शब्द आला आहे त्यापलीकडे तिचे काही प्रयोजनही नाही. इतके निर्विकार दैवतशास्त्र जगात दुसरे असेल असे मला वाटत नाही.)

या जुन्या अधिकरणाकडे मला पुन्हा वळावे लागले ते एका अगदी अवैदिक कारणाने. माझा भाचा रत्नागिरीतच राहून संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचा व्यवसाय करतो. आंब्याच्या एका व्यापाऱ्यासाठी तो जावा भाषेत, ॲक्सन नावाच्या फ्रेमवर्कच्या आधाराने, पेटीची मागणी आल्यापासून ती गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंतचा सर्व व्यवहार सांभाळणारी व्यवस्था लिहीत होता. या व्यवस्थेत कोणताही विभाग दुसऱ्याला हाक मारून उत्तराची वाट पाहत तिष्ठत राहत नाही. मागणी नोंदली गेली, एवढा संदेश सोडून एक विभाग आपल्या कामाला लागतो. तो संदेश मधल्या रांगेत पडून राहतो. साठ्याचा विभाग सवडीने तो उचलतो, पेटी राखून ठेवतो आणि तसा दुसरा संदेश सोडतो. त्यावर पैशांचा विभाग जागा होतो, आणि त्याच्या संदेशावर गाडीचा. एकच संदेश प्रसंगी दोनदा पोचतो, दोन संदेश उलट्या क्रमानेही येतात, आणि तीन दिवसांत पैसे जमा न झाल्यास राखलेली पेटी मोकळी करावी असा एखादा हुकूम केवळ काळाच्या भरवशावर लिहून ठेवलेला असतो. ही सर्व संगती राखणाऱ्या कारभाऱ्याला त्या शास्त्रात ‘सागा’ म्हणतात. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम या दोघांनी १९८७ साली, दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांवरील आपल्या निबंधात हे नाव योजले.

ज्याने श्रौतयाग पाहिला किंवा निदान वाचला आहे त्याला या रचनेत फारसे नवल वाटू नये. दर्शपूर्णमासात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या इष्टीत, अध्वर्यू आश्रावण करतो, म्हणजे ऐकविण्याची हाक देतो. हाती स्फ्य, म्हणजे लाकडी खड्ग, धरून उभा असलेला आग्नीध्र प्रत्याश्रावण करून त्या हाकेला उत्तर देतो. ते ऐकल्यावर अध्वर्यू होत्याला यजनाचा प्रैष, म्हणजे आज्ञा, देतो. होता याज्या नावाची ऋचा म्हणून अखेरीस ‘वौषट्’ असा वषट्कार करतो. आणि तो वषट्कार कानी पडल्यावाचून अध्वर्यूला आहुती टाकता येत नाही. या देवघेवीची अक्षरे मोजून ती सतरा भरतात आणि म्हणून प्रजापतीही सतरा अवयवांचा, असे ब्राह्मणग्रंथकारांनी मोठ्या कौतुकाने सांगितले आहे. येथे कोणी कोणाचे काम करीत नाही. ज्याने त्याने आपल्या संज्ञेची वाट पाहायची, ती आली की आपले कर्म करायचे आणि पुढची संज्ञा द्यायची. दक्षिणेकडे मौन धरून बसलेला ब्रह्मा तेवढा सर्वांवर लक्ष ठेवतो आणि कोठे चूक झाली तर प्रायश्चित्ताची आहुती देतो. आता आग्नीध्राचे काम शिकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याची परीक्षा घ्यायची झाली तर त्यासाठी कोणी यज्ञमंडप उभारून चार ऋत्विजांना दक्षिणा देत बसणार नाही. परीक्षक स्वतःच अध्वर्यूचे वचन उच्चारील आणि विद्यार्थी योग्य क्षणी योग्य उत्तर देतो की नाही एवढे पाहील.

प्रोग्रामकार ज्याला युनिट टेस्ट म्हणतात ती हीच परीक्षा. जावाच्या जगात तिला रूढ रूप दिले ते केंट बेक आणि एरिक गॅमा यांनी १९९७ च्या सुमारास लिहिलेल्या जेयुनिटने. आणि परीक्ष्य भागाच्या भोवतालच्या खऱ्या घटकांऐवजी त्यांचे तोतये उभे करण्याची पद्धत, ‘मॉक ऑब्जेक्ट’ या नावाने, २००० साली लंडनच्या काही मंडळींनी एका निबंधात मांडली. भाच्याच्या शेजारी बसून मी त्याच्या एका परीक्षेचे काम पाहिले. रांग चालविणारा खरा ब्रोकर नाही, बँक नाही, गाडी नाही. एकटा सागा समोर घेतला आहे. पहिल्या ओळीत पूर्वस्थिती सांगितली, की अमुक गिऱ्हाइकाची दोन पेट्यांची मागणी नोंदली गेली असून पेट्या राखल्या आहेत. दुसऱ्या ओळीत लिहिले, की तीन दिवस लोटले. तिसऱ्या ओळीत अपेक्षा, की सागाने पेट्या मोकळ्या करण्याचा हुकूम सोडलेला असला पाहिजे, आणि त्याखेरीज दुसरा कोणताही हुकूम सोडलेला नसला पाहिजे. कळ दाबली, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तीन दिवस लोटले, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली.

“मामा, यातलं काहीच खरं नाही, पण परीक्षा खरी आहे,” भाचा म्हणाला.

हे विधान धाडसाचे होते, आणि ते कितपत टिकते हे पाहण्यासाठी जैमिनीचा तो पाद काढला. पूर्वपक्ष असा, की विहित द्रव्य नसेल तर कर्म होतच नाही. व्रीहींचा याग नीवारांनी केला तर ते भलतेच कर्म होईल. सिद्धान्ती म्हणतो, की नित्य कर्माची आज्ञा यागाची आहे, द्रव्य हे तिचे साधन आहे, आणि एक साधन अडले म्हणून आज्ञा रद्द होत नाही. मुख्य द्रव्याशी ज्याचे अधिकात अधिक सादृश्य असेल ते घ्यावे आणि कर्तव्य पार पाडावे. इथवर कोणीही व्यवहारी माणूस आला असता. जैमिनीचे थोरपण त्याच्या पुढच्या पावलात आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो, परंतु देवतेला, अग्नीला, मंत्राला आणि क्रियेला तो चालत नाही, असे तो बजावतो. आणि त्यामागचे कारण एवढेच, की व्रीहीचा उपयोग दृष्ट आहे. तो कांडता येतो, दळता येतो, त्याचा पुरोडाश होतो. नीवार हेच काम करतो किंवा नाही याची रुजवात डोळ्यांनी घालता येते. आहवनीय अग्नीची गोष्ट तशी नाही. आहुती चुलीतल्या विस्तवातही जळेल, पण आहवनीयाचे कार्य जाळणे एवढेच नव्हे. संस्कारांनी त्याच्या ठायी जे आले आहे ते अदृष्ट आहे, केवळ शास्त्राच्या शब्दावरून ज्ञात आहे, आणि ज्याचा उपकार आपल्याला दिसतच नाही त्याच्यासारखे दुसरे काय, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

तोतये उभे करण्याच्या शास्त्रात याहून चोख कसोटी मी पाहिलेली नाही. परीक्षेत कशाच्या जागी काय ठेवावे याविषयी प्रोग्रामकार बहुधा सोयीच्या भाषेत बोलतात: अमुक वस्तू संथ आहे, तमुक महाग आहे, म्हणून तिचा तोतया करा. सोय हे काही प्रमाण नव्हे. ज्या घटकाचे कार्य आपल्याला नखशिखान्त ठाऊक आहे त्याचाच प्रतिनिधी करावा. ज्याच्या पोटात काय चालते ते आपण केवळ त्याच्या माहितीपत्रकाच्या शब्दावरून जाणतो, त्याचा प्रतिनिधी म्हणजे आपल्याच अज्ञानाला वेष चढवून समोर बसविणे होय. स्टीव्ह फ्रीमन आणि नॅट प्राइस यांनी २००९ च्या आपल्या ग्रंथात, जे तुमच्या मालकीचे नाही त्याचा मॉक करू नका, या अर्थाचा जो सल्ला दिला आहे तो याच दिशेचा आहे; पण मालकीपेक्षा दृष्टादृष्टाची कसोटी मला अधिक खोल वाटते, कारण आपल्या मालकीच्या वस्तूही आपल्याला पुष्कळदा अज्ञात असतात. भाच्याने पैशांच्या विभागापुढे बँकेचा जो तोतया ठेवला होता त्याला दोनच उत्तरे येत होती, पैसे आले किंवा पैसे आले नाहीत. खरी बँक तिसरेही एक उत्तर देते, ते म्हणजे मौन. आणि त्या मौनात पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेलेले असून व्यापाऱ्याच्या खात्यात मात्र आलेले नसतात. तसेच त्याची तोतया रांग प्रत्येक संदेश बिनतक्रार एकदाच आणि अनुक्रमाने पोचवीत होती. असल्या सद्गुणी रांगेपुढे कोणता सागा नापास होईल?

या पादातील आणि त्याच्या आसपासच्या आणखी काही न्यायांची मला मौज वाटली. नीवार घेतले तरी मंत्रात व्रीहीचेच नाव राहते, तेथे ऊह करीत नाहीत, म्हणजे मंत्रातला शब्द बदलीत नाहीत, कारण नीवार हे व्रीहीच्या भूमिकेत आलेले असतात. परीक्ष्य प्रोग्रामही तोतयाला मुख्याच्याच नावाने हाक मारतो, आणि आपली परीक्षा चालू आहे हे त्याला कळता कामा नये असा दंडक आहे. उलट परीक्षेच्या कागदावर मात्र, पूजेतल्या अक्षतांप्रमाणे, हा अमक्याच्या जागी तमका, असे स्वच्छ लिहिलेले असते. दुसरा न्याय असा, की प्रतिनिधीला प्रतिनिधी नाही: नीवारही संपले तर नीवारासारखे काय ते शोधायचे नाही, पुन्हा व्रीहीकडे जाऊन त्याच्यासारखे काय ते शोधायचे. एका परीक्षेतला तोतया दुसऱ्या परीक्षेसाठी उतरवून घ्यायचा, त्यावरून तिसरा, अशी जी वहिवाट प्रोग्रामकारांच्या दप्तरात चालते, तिच्यावर याहून कडक शेरा कोणी मारला नसेल.

सर्वांत महत्त्वाचा भेद नित्य आणि काम्य यांचा. नित्य कर्म यथाशक्ति केले तरी भागते, एखादे अंग उणे पडले म्हणून ते वाया जात नाही. पण विशिष्ट फलाच्या इच्छेने केलेल्या काम्य कर्मात सर्व अंगे यथासांग असलीच पाहिजेत, आणि ती जुळविण्याची ऐपत नसेल त्याने ते आरंभूच नये. युनिट टेस्ट हे नित्य कर्म आहे. प्रोग्राममध्ये ओळ बदलली की ते करायचे, दिवसातून अनेक वेळा करायचे, आणि प्रतिनिधींनीच करायचे, कारण खरी सामग्री जुळवीत बसले तर ते रोज होणार नाही. व्यापाऱ्याच्या गाड्या उद्यापासून या व्यवस्थेवर धावतील अशी हमी द्यायची असेल तेव्हा ते काम्य कर्म झाले. तेथे खरी रांग, खरी बँक आणि खरा उशीर हवा. नित्यातील हिरव्या खुणा दाखवून काम्याचे फळ मागणे हा या व्यवसायातला फार पसरलेला भ्रम असावा असा माझा, बाहेरून पाहणाऱ्याचा, ग्रह झाला आहे.

तरीही मूळ प्रश्नाचे मर्म अजून पुढेच आहे. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांच्या जोडीला जैमिनीने आणखी एकाला प्रतिनिधी नाकारला आहे, आणि तो म्हणजे स्वामी, अर्थात ज्याच्यासाठी याग चालला आहे तो यजमान. ऋत्विज दक्षिणा देऊन आणता येतात, पण फलाची इच्छा दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. सत्रामध्ये सतरा किंवा अधिक यजमान एकत्र बसतात. त्यांतला एखादा मध्येच मरण पावला तर संख्या भरून काढण्यापुरता दुसरा इसम बसविण्याची मुभा आहे, परंतु फळ त्या भरतीच्या माणसाला मिळत नाही.

व्यापारी एके दिवशी काम पाहायला आला तेव्हा या न्यायाची प्रचीती आली. गिऱ्हाइकाने पेटी नाकारली तर काय करायचे यासाठी सागाच्या शास्त्रात उलट क्रियांची योजना असते; झालेल्या प्रत्येक पावलाला तिचे निस्तरण ठरलेले असते. भाच्याने तशी तजवीज केली होती: पैसे परत, गाडीवाल्याला सूचना, आणि साठ्यात एक पेटी पुन्हा जमा. परीक्षा लिहिली होती, ती उत्तीर्ण होती, आणि त्याने ती अभिमानाने दाखविली. व्यापाऱ्याने चष्मा वर करून शेवटची ओळ समजावून घेतली आणि म्हणाला, “अरे बाबा, पुण्याला जाऊन चार दिवसांनी परत आलेला आंबा तू साठ्यात घालतोस? तो परत विकणार कोणाला?”

प्रोग्राममध्ये चूक नव्हती. तो सांगितले तसेच करीत होता. परीक्षेतही चूक नव्हती. ती विचारले तेवढेच तपासत होती. हापूसमधला साका सालीवरून ओळखू येत नाही, फळ चिरल्यावरच दिसतो, तसा हा दोष हिरव्या खुणांच्या आत बसला होता. कारण अपेक्षेची ओळ लिहिताना भाच्याने नकळत यजमानाच्या पाटावर स्वतःच बैठक मारली होती. ब्रोकरचा तोतया त्याने उघड नाव घालून केला होता. मालकाचा तोतया मात्र कोठेच नोंदलेला नव्हता, आणि म्हणून तो कोणाच्या ध्यानातही आला नाही.

येथे कोणी नैयायिक हटकेल, की यज्ञाचे फळ अदृष्ट, प्रोग्रामचे दृष्ट; दोहोंना एका मापाने मोजणे ही शब्दांची कसरत आहे. आक्षेप खरा आहे आणि तो मला मान्य आहे. मात्र प्रतिनिधीचा विचार जैमिनीने स्वर्गाच्या आशेवर उभारलेला नाही. विधी एक असताना साधन बदलले तर काय टिकते आणि काय ढळते, हा त्याचा प्रश्न आहे, आणि तो शेतसाऱ्याच्या कचेरीतही तितकाच लागू पडेल. प्रायश्चित्ताविषयीही तेच. काणे यांचा १९५३ चा चौथा खंड पातके आणि प्रायश्चित्ते यांच्या विचाराने सुरू होतो, आणि प्रायश्चित्ताने पाप नष्ट होते, की नुसता व्यवहारापुरता बहिष्कार उठतो, यावर आमच्या निबंधकारांनी केलेला काथ्याकूट त्यात येतो. झालेले न झालेले होते, असे ठामपणे म्हणायला त्यांतले पुष्कळ जण कचरतात. सागाची उलट क्रिया लिहिणाऱ्याने हा कचरलेपणा उसना घ्यायला हरकत नाही.

मुख्य मिळाले तर मुख्यच घ्यावे, प्रतिनिधी हा त्याच्या अभावापुरता, हाही त्याच पादातला न्याय. पूर्वी परीक्षेसाठी खरा ब्रोकर उभा करायचा तर मोठा खटाटोप पडे. आता टेस्टकंटेनर्स नावाच्या साधनाने खरा काफ्का किंवा रॅबिटएमक्यू भाच्याच्या टेबलावर अल्पावधीत हजर होतो, आणि तोतया रांग पुष्कळ परीक्षांतून त्याने हद्दपार केली आहे. बँक अद्याप तोतयाच आहे, पण तिला आता मौन धरता येते. राहता राहिला काळ. गौण काळाची कल्पना आमच्या शास्त्रात आहे, मुख्य वेळ टळली तर प्रायश्चित्तासह दुसऱ्या वेळी कर्म करता येते. एका ओळीत तीन दिवस लोटविण्याची सोय मात्र कोणत्याही सूत्रकाराने दिलेली नाही. पैशांची वाट पाहणाऱ्या सागाला ती चालते, कारण त्याच्या लेखी काळ म्हणजे एक आकडा, त्याचा उपयोग दृष्ट आहे. पेटीतल्या पेंढ्यात ठेवलेल्या फळावर तोच काळ जे काम करतो ते त्या ओळीला ठाऊक नाही. व्यापाऱ्याने मग खुर्ची पुढे ओढून अपेक्षेच्या ओळी स्वतः सांगितल्या आणि भाच्याने त्या उतरून घेतल्या: पाठविल्यापासून दोन दिवसांच्या आत परत आलेली पेटी उघडून, निवडून, डझनावर स्थानिक बाजारात, त्याहून उशिरा आलेली कॅनिंगला, किलोच्या भावाने, आणि कोणत्याही परिस्थितीत साठ्यात नाही. आधीची परीक्षा त्या संध्याकाळी नापास झाली.